मायच्या कोयत्याची मूठ

चहाचा घोट आधी गिळून घ्या. हे ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण आता जो गाढवपणा सांगणार आहे, तो मी अंदाजपंचे केलेला नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजूनमापून केलेला आहे. अंदाजानं कुणीही चुकतं हो! इतकं अचूक चुकायला शिक्षण लागतं.

मी दिगंबर. आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मायबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे ट्रक येणार, टोळी चढणार आणि मी आजीपाशी राहणार, असं माझं सगळं लहानपण. आमचे दोघं जायचे माझ्या मामाच्या गावच्या टोळीबरोबर, त्यामुळे हंगामात ते उसाच्या कुठल्या फडात आहेत हे आमच्या गावालाही धड ठाऊक नसायचं. फक्त उन्हाळा लागला की माय परत यायची आणि माझ्या तोंडावरून हात फिरवायची. तो हात खरबरीत लागायचा. मला आवडायचा.

पुढे मी डिप्लोमा केला आणि पुण्यात एका कारखान्यात कॅमच्या कामाला लागलो. कॅम म्हणजे काय, असं तोंड करू नका, सांगतो. कॉम्प्युटरवर वस्तूचा आकार घ्यायचा आणि मिलिंग मशीनच्या कटरनं धातूत कुठून कसं फिरायचं, ती वाट आखून द्यायची. तिला टूलपाथ म्हणतात. कटर किती गरगर फिरेल, किती वेगानं पुढे सरकेल, एका दमात किती खोल जाईल, दोन फेऱ्यांत किती अंतर राहील, हे सगळे आकडे आपण भरायचे. आकडे चुकले तर कटर मोडतो. आणि वर्षानुवर्षं बरोबर येत गेले तर माणसाला 'ग'ची बाधा होते. मला झाली होती.

तेवढ्यात आमच्याकडे लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. भागातला सहकारी साखर कारखाना उसावाचून बंद, विहिरीत खडक उघडा, टँकर आठवड्यातून एकदा. त्याच वर्षी गावातल्या ऊसतोडीच्या बायकांनी मिळून एक औजार सहकारी संस्था काढली. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं का होईना, एक तीन अक्षांचं मिलिंग मशीन आलं. ते चालवायला बंद कारखान्यातले निवृत्तीमामा होते. पण आकडे भरणारं कुणी नव्हतं. मग संस्थेच्या अध्यक्षा कुसुमकाकू यांचा मला फोन आला.

"दिगू, तू म्हनं पुन्यात मशीनला वाट दावतोस?"

"हो काकू."

"मंग गावाला कवा दावनार?"

आलो.

काम होतं कोयत्याची मूठ करायचं. ऊसतोडीचा कोयता पाहिलाय का जवळून? बहुतेकींच्या कोयत्याला नुसता लोखंडी दांडा, त्यावर चिंध्या नाहीतर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. हंगाम संपेपर्यंत तळव्याला आधी फोड, मग घट्टे. काकूंचं म्हणणं, दांड्यावर चढवायची रबराची मूठ आपणच करू, आणि टोळी निघायच्या आत निदान पंचवीस बायकांच्या हातात देऊ. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा साचा हवा होता.

त्या पंचवीस जणींत यंदा माझी मायही होती. मामाच्या गावची टोळी दुष्काळात फुटली, म्हणून मायबाप पहिल्यांदाच आमच्या गावच्या टोळीबरोबर निघाले होते. मी म्हणालो, जाऊ नकोस, मी आलोय ना आता. तर म्हणाली, "घरी बसून काय करू? कोरड्या हिरीत डोकावू?" मागच्या हंगामापासून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. भाकरी थापताना मधेच थांबायची. संध्याकाळी उंबऱ्यात बसून एका हातानं दुसऱ्या हाताला तेल चोळायची. हे मी रोज बघत होतो. लक्षात ठेवा, बघत होतो!

तेव्हा माझ्या मनात एकच होतं. माय ट्रकमध्ये चढेल तेव्हा तिच्या हातात अशी मूठ द्यायची की अंगठ्याची कळ तिनं विसरून जावी. आणि तिला आधी काही कळू द्यायचं नाही.

मुठीचा आकार कुठून घ्यायचा, यावर माझ्या डोक्यात दिवा लागला. मायच्या जुन्या कोयत्याला बाभळीची मूठ होती, वीस वर्षांच्या धरण्यानं झिजलेली. अंगठा टेकायला खळगा, बोटांना चार पन्हळी, खाली हात सरकू नये म्हणून जाड टोक. जगातला कुठला इंजिनिअर याहून चांगला आकार काढेल?

"माय, कोयता दे, धार लावून आणतो."

"धार तर तुहा बाप लावतो की."

"यंदा मशीनवर लावतो."

तिनं दिला. तो पोत्यात गुंडाळून एसटीनं पुण्याला नेला, मित्राकडच्या स्कॅनरवर आकार उतरवून घेतला. कंडक्टरनं पोत्याकडे तीनदा आणि माझ्याकडे चारदा पाहिलं, पण ते असो.

आमचं मशीन तीन अक्षांचं. म्हणजे डावीउजवीकडे, मागेपुढे आणि वरखाली. कटर कापणार तो वरूनच, खालून वळसा घालून त्याला येता येत नाही. म्हणून मूठ उभी चिरल्यासारखे साच्याचे दोन अर्धे करायचे. आणि साच्यात आकार उलटा असतो, नवशिके इथंच फसतात. मी फसलो नाही! मी तीनदा तपासलं. साच्यातून निघणारी मूठ हुबेहूब मायच्या मुठीसारखी निघणार, केसाचाही फरक नाही. आणि तशीच निघाली हो. तोच तर घोळ झाला.

पहिला साचा तासा-दीड तासात कापून झाला. शेडमधल्या दाबयंत्रावर त्यात रबर दाबून पहिली मूठ काढली, कोयत्याला चढवली. काकूंनी तोडून बघायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मागवल्या. कडब्याला कुणी हात लावायचा नाही, तो जनावरांच्या तोंडचा, अशी ताकीद होती. काकूंनी दोन घाव घातले आणि हात झटकला.

"आंगठ्यापाशी रुततंय रं."

मी हसलो. मला कारण माहीत होतं ना! "रुतणारच काकू. स्टेपओव्हर अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला होता."

"त्ये काय आसतंय?"

"नांगराच्या दोन ओळींत अंतर जास्त पडलं की मधे वरंबा राहतो की नाही? तसे कटरच्या दोन फेऱ्यांत बारीक वरंबे राहिलेत. तेच रुततायत. अंतर कमी करतो."

स्टेपओव्हर शून्य पूर्णांक दोन. कटर बारीक गोल तोंडाचा. वेळ चार तास. आता अ‍ॅल्युमिनियम कापताना कटर तापतो, म्हणून पाण्यात तेल कालवून त्यावर धार सोडतात. टँकरची वाट बघणाऱ्या गावात मी मशीनला पाणी पाजलं असतं तर बायकांनी मला उभा चिरला असता. त्यामुळे निवृत्तीमामा स्टुलावर बसून ब्रशनं रॉकेल लावत होते. चार तास.

दुसरी मूठ शांताबाईंनी धरून बघितली. शांताबाई म्हणजे टोळीतला सगळ्यात चपळ हात.

"लई गुळगुळीत झालं बगा, साहेब."

"आणि रुततं का?"

"रुततंय."

मी स्वतः धरून बघितली का, असंच विचारणार ना तुम्ही? बघितली! मलाही अडचण वाटली. पण मी म्हटलं, आपला तळवा माऊस धरणारा. आपल्याला कोयत्यातलं काय कळणार? असा नम्रपणा मला आयुष्यात एकदाच सुचला आणि तो नेमका तिथं सुचला.

निवृत्तीमामांनी मूठ हातात फिरवून पाहिली. "दिगू, मला काय हे आकड्याचं वाटत न्हाई. कायतरी दुसरंच हाय."

"काय दुसरं?"

"त्येच तर कळंना."

"मामा, कॉम्प्युटरवर आधी कापून बघितलंय, सगळं सिम्युलेशन हिरवं आलंय, कुठंच चूक नाही."

"बरं झालं. तालुक्यात यंदा तेवढंच हिरवं हाय."

मी दुर्लक्ष केलं. फिनिशिंगच्या, म्हणजे शेवटच्या हाताच्या, आकड्यांत साच्याला एक पातळ थर राखून ठेवला होता, तो शून्य केला. स्टेपओव्हर आणला शून्य पूर्णांक शून्य पाचवर. कॉम्प्युटर म्हणाला, एकेका अर्ध्याला सात तास. वीज यायची दिवसाची आठ तास, म्हणजे दोन दिवस. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं, रॉकेलच्या डब्याकडे एकदा बघितलं आणि स्टूल ओढलं.

दोन दिवसांनी साचा असा झाला की त्यात तोंड दिसावं. माझंच दिसायचं. आणि मला ते फार हुशार वाटायचं.

तिसरी मूठ शांताबाईंना दिली. त्यांनी बराच वेळ हात इकडून तिकडून वळवून पाहिला, कोपर वर उचललं, मनगट आत मुरगळलं आणि पऱ्हाटीवर घाव घातला.

"आता?" मी श्वास रोखून विचारलं.

"आता न्हाई रुतत."

जिंकलो! त्याच दुपारी दाबयंत्रावर पंचवीस मुठी काढायला सुरुवात केली.

पण मला काय माहीत तिकडे काय शिजतंय? शांताबाईंचं मत असं पडलं होतं की मूठ शिकलेल्या माणसानं केलीय, एवढे दिवस खपून केलीय, म्हणजे चूक आपल्याच हाताची असणार. दुसऱ्या दिवशी शेडमागे गेलो तर सात-आठ जणी रांगेत उभ्या. सगळ्यांची कोपरं वर, मनगटं मुरगळलेली. शांताबाई पुढे उभ्या राहून शिकवतायत.

"आसं धरायचं बायांनो. पुन्याची पद्धत हाय ही!"

"लई दुखतंय गं."

"नवं हाय. दुखनारच."

आणि मी काय केलं? थांबवलं? छे! मी पुढे होऊन सांगितलं की चांगल्या हत्याराची हाताला थोडी सवय लागावी लागते. बायकांनी माना हलवल्या. एकीनं तर मनगट आणखी मुरगळलं, माझा मान राखायला.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी संस्थेच्या शेडसमोर सगळ्या जमल्या. बाबाही आले. मायला बोलावून घेतलं, नव्या कोयत्याला मूठ चढवून तयार होती. मी छोटंसं भाषण केलं. ही मूठ कुणा कंपनीची नाही, माझ्या मायच्या वीस वर्षांच्या कष्टाची आहे, तिच्याच जुन्या मुठीवरून घेतली आहे, वगैरे वगैरे. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

मायनं कोयता उजव्या हातानं घेतला, कपाळाला लावला.

"तोडून दाव की गं!" बायका ओरडल्या.

मायनं एकदा आजूबाजूला पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं. मग पऱ्हाटीसमोर वाकली. आणि वाकता वाकता कोयता हळूच या हातातून त्या हातात गेला. सप्प! एका घावात पऱ्हाटी आडवी.

"आयो!" माय त्या मुठीकडे बघतच राहिली. "ही तर मही मूठ हाय!"

आधी काकूंनी मायच्या हाताकडे पाहिलं. मग शांताबाईंनी. मग सगळ्या जणींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सावित्रे," काकू म्हणाल्या, "तू डावरी हाईस व्हय?"

आता सांगा, धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती नेमकी अशा वेळी कुठं जाते?

"म्हंजी," शांताबाई स्वतःचं मनगट चोळत म्हणाल्या, "आमी चार दिस हात मुरगाळून मेलो, ती पुन्याची पद्धत..."

"डाव्या हाताची मूठ व्हती!" निवृत्तीमामा मांडीवर थाप मारत ओरडले. "तरी म्हनलं, दुसरंच कायतरी हाय!"

मग जे हसू फुटलं! काकू तर खाली बसल्या. एकटी माय हसत नव्हती. कोयता पदराआड धरून अपराधी चेहऱ्यानं उभी होती, जसं काही चूक तिचीच होती.

"माय, अगं घरात तर तू सगळं उजव्या हातानं करतेस!"

"लहानपनापासून मव्हा डावाच हात," ती हळूच म्हणाली. "लगीन झालं आन् तुह्या आजीनं बघितलं. म्हनली, डाव्या हातानं भाकर वाढलीस तर घरात लक्षमी टिकायची न्हाई. मंग घरात उजवा केला. फडात कुठं सासू व्हती?"

मी बाबांकडे वळलो. "तुम्ही तरी सांगायचं!"

"तिनं शपत घातलेली. आन् मला तर बरंच व्हतं की." बाबा खाली बघत हसले. "मी उजवा, ती डावी. शेजारी उभं ऱ्हायलं की दोघांचे कोयते भायेरच्या अंगाला. मधी आमी. बोलत बोलत तोडायचो."

तीस वर्षांचा झालो होतो मी तेव्हा. माझे मायबाप बोलत बोलत ऊस तोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "माय, मी तुला काम करताना कधी पाहिलंच नाही गं."

"ते दिसू नये म्हून तर तुला ठिवत व्हते रं लेकरा."

देवानं तिचं ऐकलं, आणि बिल फाडलं माझ्या नावावर. पण खरं सांगू? मला तेव्हा फार वाईट वाटलं. स्कॅनरला तिच्या हाताचा खळगा दिसला होता. उंबऱ्यात बसून ती रोज तेल चोळायची तो हात डावा होता, आणि ते मला दिसलं नव्हतं.

रडायला मात्र वेळ नव्हता. ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार. अ‍ॅल्युमिनियमची एकच जोडी शिल्लक. वीज जायला तीन तास. मी धावत कॉम्प्युटरपाशी गेलो, आकार आरशातल्यासारखा फिरवला. त्याला किती वेळ लागतो माहितीय? एक बटण! आणि शून्य पूर्णांक शून्य पाचचे लाड करायला वेळच नव्हता, म्हणून स्टेपओव्हर ठेवला अर्धा मिलिमीटर. पहिल्या दिवशीचा. ज्याला मी सगळा दोष दिला होता, तोच.

दीड तासात साचा तयार. काकूंनी नवी मूठ धरली, पऱ्हाटी तोडली.

"ब्येस!"

"काकू, जरा रेघा राहिल्यात बरं का. वेळ नव्हता..."

"आसू दे की! ह्या रेघांनी घामात हात सरकत न्हाई. ती तुही गुळगुळीत मूठ हातातून निसटत व्हती. तुला वाईट वाटंल म्हून आमी बोललो न्हाई."

निवृत्तीमामांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मंग रं दिगू, दोन दिस माझ्याकडून मशीनला रॉकेल कशापायी पाजून घेतलंस?"

अजूनही भेटले की विचारतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेल्या चोवीस जणींच्या मुठी निघाल्या. आधीच्या डाव्या मुठींचं पोतं मी लाजेनं शेडच्या कोपऱ्यात टाकलं होतं. तर टोळीतली एक बाई आली आणि इकडेतिकडे बघून कुजबुजली, "ती चुकल्याली एखांदी ऱ्हायली का?" मी दिली. थोड्या वेळानं दुसरी आली. मग तिसरी, तिला लेकीसाठीही एक हवी होती. कुणीच कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ट्रक भरला. भांडी, बाजली, पोरं, वर बायका. माय कडेला बसली होती, मांडीवर कोयता. मी खाली उभा.

"अंगठा दुखला तर फोन कर."

"दुखतोय कशाला? लई मऊ हाय."

ट्रक हलला. चाकाखालची धूळ उठली आणि ट्रक वळणाकडे गेला, आणि सगळी माणसं एकदम ओरडली, टाळ्या वाजल्या. मला काही कळेना. निवृत्तीमामांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"बघितलंस का रं? समद्या गावापुढं! कंच्या हातानं टाटा केला तुह्या मायनं?"

मला सांगता आलं नाही. मी नेमका तेव्हा डोळे पुसत होतो.